रिपोर्टात न छापलेला आकडा

ऐरोलीच्या माइंडस्पेसपासून बेलापूरच्या सीबीडीपर्यंत नवी मुंबईतल्या बऱ्याच मोठ्या कचेऱ्यांत वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी होते. रक्त, लघवी, ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी. दोन-चार दिवसांत रिपोर्ट हातात पडतात आणि कॅन्टीनमध्ये चौकशा सुरू होतात. तुझं काय निघालं? ग्रेड वन फॅटी लिव्हर. माझं ग्रेड टू. आणि मग कुणीतरी चहाचा घोट घेत निकाल देतो, ‘अरे, सगळ्यांचंच असतं!’

हा निकाल अगदीच खोटा नाही. हैदराबाद विद्यापीठ आणि तिथल्या एआयजी रुग्णालयाच्या संशोधकांनी ३४५ आयटी कर्मचाऱ्यांची तपासणी करून २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यात ८४ टक्के जणांच्या यकृतात जादा चरबी होती. एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा प्रौढांतलं प्रमाण ३८.६ टक्के आणि मुलांतलं ३५.४ टक्के आलं. मुलांचा आकडा पुन्हा एकदा वाचावा असा आहे.

पण हे काही काल-परवा उपटलेलं प्रकरण नव्हे, आणि ते फक्त संगणकापुढे बसणाऱ्यांचंही नव्हे. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधले पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या दोन रेल्वे वसाहतींतल्या हजाराहून अधिक रहिवाशांची तपासणी केली होती. तो अभ्यास २००७ मध्ये छापून आला. वीस वर्षांवरच्या रहिवाशांत सुमारे १९ टक्के लोकांच्या यकृतात चरबी होती, पुरुषांत बायकांपेक्षा बरीच जास्त. रुग्णालयात आलेले आजारी नव्हते हे. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहणारी साधी कुटुंबं होती. अमरापूरकरांचं नाव पुढे मुंबईकरांना वेगळ्याच कारणाने कळलं. २९ ऑगस्ट २०१७ च्या तुफान पावसात ते उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. त्या बातमीने शहर हळहळलं, पण त्यांच्या कामाची दखल डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारशी गेली नाही. सरकारने यकृतातल्या चरबीचा समावेश मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे त्या अभ्यासानंतर चौदा वर्षांनी.

‘मी तर दारूचा थेंबही घेत नाही, मग मला कसं?’ हा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर पोटाच्या घेरात आणि रक्तातल्या इन्सुलिनमध्ये आहे. यकृत हे शरीराचं एपीएमसी मार्केट समजा. खाल्लेलं बहुतेक सगळं आधी तिथे येतं, निवडलं जातं आणि मग गावोगाव रवाना होतं. गाड्या येत राहिल्या आणि माल बाहेर पडणं मंदावलं, तर पोती आधी गाळ्यात, मग वाटेत रचली जातात. यकृताच्या पेशींत चरबी साठते ती अशीच.

हा माल येतो कुठून, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये मोजून दाखवलं. रुग्णांच्या यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ६० टक्के रक्तातून आली होती, म्हणजे शरीरात आधीच साठलेल्या चरबीतून सुटून. साधारण २६ टक्के यकृताने साखर आणि पिष्टापासून स्वतःच तयार केली होती. जेवणातल्या तेलातुपातून थेट आलेली होती फक्त १५ टक्के. आपल्याकडे रिपोर्ट हाती आला की पहिली कुऱ्हाड पडते ती वरणभातावरच्या चमचाभर तुपावर. दिवसातून चार वेळा घेतला जाणारा साखरेचा चहा, त्याबरोबरची खारी, संध्याकाळचा उसाचा रस आणि ‘ताजा आहे, पौष्टिक आहे’ म्हणून घेतलेला चिकू मिल्कशेक मात्र तसेच चालू राहतात. फळांच्या रसातली आणि साखरेतली फ्रुक्टोज बहुतांशी यकृतातच येते आणि तिची चरबी चटकन बनते. फळ चावून खाल्लं तर एकावर पोट भरतं. ग्लासात चार संत्री जातात आणि पोट रिकामंच राहतं.

इन्सुलिन नीट काम करत असेल तर ते चरबीच्या साठ्याला ‘थांब’ म्हणतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की साठ्यातून चरबी सुटत राहते, विशेषतः पोटाच्या आतल्या साठ्यातून. दुसरीकडे रक्तात वाढलेलं इन्सुलिन यकृताला साखरेची चरबी करायला लावतं. त्यामुळे मधुमेह आणि यकृतातली चरबी हे एकाच घरातले भाऊ. एक दिसला की दुसऱ्याची चौकशी करायची. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचं नाव बदललं. आधीच्या नावात फक्त ‘दारूमुळे नव्हे’ एवढंच सांगितलेलं असे, नव्या नावात चयापचयातला बिघाड आला. त्यामुळे जुन्या रिपोर्टात एनएएफएलडी आणि नव्यात एमएएसएलडी दिसलं तर नवा आजार जडला असं समजू नये.

आता सडपातळ माणसांबद्दल. ‘माझं वजन तर ६२ किलो’ म्हणणाऱ्याच्या यकृतातही चरबी निघते, तेव्हा डॉक्टरांना आश्चर्य वाटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली ३.५ किलोंची. आपलं बाळ हडकुळं असलं तरी कमी पडतात ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून असते. पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत यकृतात चरबी असलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या खाली होता. म्हणूनच आपल्यासाठी वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर असेल, तर काळजी घ्यायची वेळ आली. माप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून घ्यायचं. पोट आत ओढून नव्हे.

आणि आता त्या ग्रेडकडे येऊ. माझ्या मते या आजाराबद्दलचा सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. सोनोग्राफीतला ग्रेड वन, टू, थ्री म्हणजे यकृत पडद्यावर किती पांढुरकं दिसतं याचा डोळ्यांनी बांधलेला अंदाज. एकाच माणसाला दोन ठिकाणी दोन ग्रेड मिळू शकतात. थोडी चरबी असेल तर सोनोग्राफीला ती बहुधा दिसतही नाही. मुख्य म्हणजे या ग्रेडला धोक्याबद्दल फारसं काही सांगता येत नाही. पुढे काय होणार हे चरबीच्या प्रमाणावर ठरत नाही. चरबीमुळे सूज येऊन यकृतात व्रणाचे तंतू किती तयार झाले, म्हणजे फायब्रोसिस किती, यावर ठरतं. त्याच्या पायऱ्या शून्य ते चार. चौथी म्हणजे सिरोसिस. ग्रेड थ्री असून तंतू नसलेला माणूस तुलनेने निर्धास्त असू शकतो आणि ग्रेड वनचा माणूस फायब्रोसिसच्या तिसऱ्या पायरीवर असू शकतो. सिरोसिसमध्ये तर चरबी कमी होत जाते, म्हणजे सोनोग्राफीतला ग्रेड ‘सुधारतो’!

हा प्रवास संथ असतो. उपलब्ध अभ्यासांची गोळाबेरीज सांगते की नुसती चरबी असेल तर एक पायरी चढायला सरासरी १४ वर्षं लागतात, सूजही असेल तर ७. बहुतेक लोक शेवटापर्यंत पोचतच नाहीत. पण थोडे जण पोचतात, आणि ते कोण हे ग्रेडवरून कळत नाही.

मग कशावरून कळतं? रिपोर्टात न छापलेल्या एका आकड्यावरून. त्याला फिब-फोर म्हणतात आणि तो काढायला लागणाऱ्या चारही गोष्टी बहुतेकांच्या फाइलीत पडून असतात: वय, एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम, आणि प्लेटलेट्स. वयाला एएसटीने गुणायचं. प्लेटलेट्सना एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. समजा वय ४६, एएसटी ५२, एएलटी ६४ आणि प्लेटलेट्स १ लाख ८० हजार, म्हणजे सूत्रात १८०. वरचा गुणाकार २३९२. चौसष्टचं वर्गमूळ ८, म्हणून खालचा १४४०. उत्तर १.६६.

हा आकडा १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. जीवनशैली सुधारायची आणि दोन-तीन वर्षांनी, मधुमेह असेल तर त्याहून लवकर, पुन्हा मोजायचा. २.६७ च्या वर असेल तर थेट यकृततज्ज्ञाकडे. मधल्यांनी, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या माणसाने, फायब्रोस्कॅन करून घ्यायचा. हे यंत्र बरगड्यांवरून हलका धक्का देऊन यकृताचा ताठरपणा मोजतं. सुई नाही, भूल नाही, दहा मिनिटांचं काम. ताठरपणा आठ किलोपास्कलच्या खाली असेल तर सहसा चिंता नसते. फिब-फोरच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. पस्तिशीच्या आत तो फारसा भरवशाचा नाही, पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही रेघ धरतात, आणि डेंग्यूने प्लेटलेट्स उतरलेल्या असताना हे गणित मांडायचं नाही. दुसरं म्हणजे, एएलटी ‘नॉर्मल’ आहे म्हणून यकृत ठीक, हा समज सोडून द्यावा. चरबी आणि तंतू दोन्ही असताना एएलटी मर्यादेत राहू शकतं. हेपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्यावेत. स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन, मेथोट्रेक्सेट यांसारखी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगावं.

उपचारांतला सर्वांत बळकट पुरावा क्युबातून आला. हवानातल्या डॉक्टरांनी २९३ रुग्णांच्या खाण्यात आणि हालचालीत बदल करून वर्षभर पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २०१५ मध्ये मांडले. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवलं, त्यांच्यातल्या ९० टक्क्यांची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे तंतूही मागे हटले. यकृत स्वतःला दुरुस्त करतं याचा याहून चांगला दाखला मिळणं कठीण. साधा हिशेब असा: तीन ते पाच टक्के वजन उतरलं की चरबी कमी होऊ लागते, सात ते दहा टक्क्यांवर सूज, आणि दहाच्या पुढे तंतू. ऐंशी किलोंच्या माणसासाठी दहा टक्के म्हणजे आठ किलो, आणि त्यासाठी सहा महिने ते वर्षभर वेळ घ्यायचा. सडपातळ माणसाला तीन-पाच टक्केही पुरतात. उपासमार करून महिन्यात दहा किलो उतरवणं यकृताला उलट अपायकारक ठरू शकतं. पित्ताशयात खडे होण्याचीही भीती असते.

खाण्याचं काय? इथे माझा आग्रह असा की नवी मुंबईत राहून किन्वा आणि ॲव्होकॅडो शोधू नयेत. बेलापूरजवळ दिवाळ्याच्या कोळीवाड्यात बांगडा मिळतो. त्याचं कालवण, एक भाकरी, मुठीएवढा भात आणि ताटाच्या निम्म्या भागात भाजी-कोशिंबीर हे कोणत्याही परदेशी आहारापेक्षा कमी नाही. शाकाहाऱ्यांना मटकी-मुगाची उसळ, ताक आणि मूठभर शेंगदाणे. अडचण ताटातल्या पदार्थांपेक्षा वेळेची आहे. सीएसएमटीहून किंवा ठाण्याहून लोकलने लटकत येणारा माणूस साडेदहाला जेवतो आणि अकराला आडवा होतो. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्यांचं जेवण तर रात्री दीडला कॅन्टीनमध्ये होतं. नोकरी बदलणं सगळ्यांच्या हातात नसतं. पण संध्याकाळी सहाला वडापावऐवजी घरून नेलेली पोळी-भाजी खाल्ली, तर रात्रीचं जेवण निम्मं करता येतं. बिनसाखरेची कॉफी ज्यांना मानवते त्यांनी खुशाल प्यावी. दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत फायब्रोसिस कमी दिसतं, हे अनेक अभ्यासांत आढळलंय.

व्यायामाचा फायदा वजन न उतरताही होतो. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं, आणि त्यात दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम. याज्ञिकांची ती हडकुळी बाळं आठवली तर स्नायू वाढवणं आपल्याला का हवं ते कळेल. आणि चालायला जागा नाही, ही तक्रार नवी मुंबईकराला करता येणार नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, तेव्हा घर, बाजार, शाळा आणि स्टेशन पायी अंतरावर असावं हा त्यामागचा विचार होता. महाराष्ट्रात फार थोड्या शहरांना असे रुंद पदपथ, नेरूळच्या तलावाकाठी आहे तसा ट्रॅक आणि खारघरच्या सेंट्रल पार्कसारखं उद्यान मिळालं. त्याच ट्रॅकपर्यंत आपण स्कूटरवर जातो, एक फेरी मारतो आणि बाहेरच्या गाडीवर इडली-वडा खाऊन परततो!

दारूबद्दल थोडक्यात. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असतं. पुरुषाने आठवड्याला २१० आणि बाईने १४० ग्रॅमच्या आत राहिलं तरच आजार ‘दारूविना’ धरला जातो, पण ही फक्त निदानाची रेघ आहे. तेवढी प्यायची परवानगी असा तिचा अर्थ नाही. यकृतात तंतू आढळले असतील तर एकही पेग नको.

औषधांकडे लोक आशेने पाहतात. अहमदाबादच्या झायडस कंपनीने विकसित केलेल्या सॅरोग्लिटाझारला भारतात २०२० मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली. मधुमेह नसलेल्या काही रुग्णांना ई जीवनसत्त्व आणि काहींना पायोग्लिटाझोन देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन मंजूर केलं. दोन्ही फायब्रोसिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या रुग्णांसाठी. कॅन्टीनमधल्या ग्रेड वनवाल्यासाठी नव्हे, आणि व्हॉट्सॲपवर पाहून घेण्यासाठी तर नव्हेच. सेमाग्लुटाइडने चरबीबरोबर स्नायूही उतरतात, म्हणून प्रथिनं आणि व्यायाम यांची जोड लागते.

‘लिव्हर टॉनिक’ नावाच्या बाटल्या आणि ‘डिटॉक्स’ काढे यांचा या आजारात उपयोग होतो असा ठोस पुरावा नाही. काही तर उलटतात. करोनाच्या काळात रोगप्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या जसलोक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, पण पुढे देशातल्या इतर केंद्रांतूनही तशाच नोंदी आल्या. याउलट ज्या गोळीची खरी गरज असते ती लोक घाबरून बंद करतात: स्टॅटिन. यकृतात चरबी असलेल्यांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण यकृत नसून हृदयविकार आहे. कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिन ‘लिव्हरला त्रास होईल’ म्हणून सोडणं म्हणजे मोठ्या धोक्याकडे पाठ करणं. या आजारात ती सुरक्षित आहे.

सिरोसिस झालाच तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शेवटचा उपाय प्रत्यारोपण. भारतात यकृताचा तुकडा बहुधा जवळचा नातलगच देतो आणि तिथे एक वेगळीच अडचण उभी राहते. द्यायला पुढे आलेल्या भावाच्या किंवा मुलाच्या तपासणीत त्याचंही यकृत चरबीने भरलेलं निघतं आणि त्याला परत पाठवावं लागतं. काही जण आधी वजन उतरवून येतात आणि मग दान करतात. म्हणजे घरातल्या एकाच्या रिपोर्टात फॅटी लिव्हर निघालं तर बाकीच्यांच्या कमरेलाही टेप लावावी.

घरातली जुनी फाइल काढा. एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट्स एकाच तारखेच्या असतील तर आजच फिब-फोर मोजा. नसतील तर या चाचण्या साध्या आहेत, महापालिकेच्या वाशी, नेरूळ किंवा ऐरोलीच्या रुग्णालयात नाहीतर जवळच्या लॅबमध्ये करून घ्या. तो आकडा आणि कमरेचं माप कागदावर लिहून फॅमिली डॉक्टरांना दाखवा, आणि ग्रेडबद्दल विचारण्याआधी फायब्रोसिसबद्दल विचारा.